शाळेची खोली पाडायची की दुरुस्त करायची? कागद तयार होण्याआधी पालकांनी करायची कामं

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. एप्रिल महिना, सकाळची शाळा. घरी येऊन म्हणाली, "आई, माझी पेन्सिल जमिनीत गेली." दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. वर्गाच्या पश्चिमेकडच्या भिंतीलगत फरशी खचली होती आणि फरशी व भिंतीच्या मध्ये बोट जाईल एवढी भेग पडली होती. मी खडूचा तुकडा टाकून पाहिला, तो कुठे थांबला ते दिसलंही नाही. त्याच भेगेशेजारी चौदा पोरं पाटी घेऊन बसलेली.

आमचं गाव खानदेशातलं, तापीकाठचं. जिल्हा परिषदेची शाळा, सहा खोल्या, चार कौलाच्या आणि दोन स्लॅबच्या. मी आधी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होते, नंतर अध्यक्ष झाले. पहिल्या अर्जापासून नव्या खोल्यांत मुलं बसेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. त्यातलं निदान एक वर्ष आमच्या अजाणतेपणामुळे वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. पालकांनी बोलायचं ते अंदाजपत्रक तयार होण्याआधी. एकदा इंजिनिअरचं इस्टिमेट झालं, त्याला मान्यता मिळाली, की त्यात नसलेली खिडकीसुद्धा वाढवून घेता येत नाही. मग उरते फक्त तक्रार, आणि तक्रारीने संडासला नळ येत नाही.

1. समितीत कोण आहे ते पाहा

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्याकडे समितीची मुदत दोन वर्षांची असते, अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं हे या समितीचं कायद्याने दिलेलं काम आहे. म्हणजे तुम्ही शाळेत जाऊन भेगेबद्दल विचारता तेव्हा कुणावर उपकार करत नाही आणि कुणाच्या कामात ढवळाढवळही करत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो. बायकांची नावं यादीत असतात, बैठकीला नवरे जातात आणि रजिस्टर सहीसाठी घरी येतं. आमच्याकडेही तसंच होतं. आम्ही एक साधा बदल केला. बैठकीची वेळ कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातची ठेवली आणि जागा शाळेऐवजी मारुतीच्या पारावर घेतली. पहिल्या बैठकीला अकरा बाया आल्या. एका आजीबाईने इतिवृत्त वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "मंग पोरेसनं काय?" त्या दिवशी मुलांच्या बसण्याचा विषय पहिल्यांदा ठरावात आला.

समिती जुनी झाली असेल, मुदत संपली असेल, तर आधी पालकसभा बोलावून ती रीतसर नव्याने करून घ्या. मुदत संपलेल्या समितीचा ठराव वर गेला की हरकत निघू शकते.

2. जागा कुणाच्या नावावर आहे?

आमचं वर्ष इथे गेलं. सगळा प्रस्ताव तयार होऊन वर गेला आणि जागेच्या मालकीचा पुरावा नाही म्हणून परत आला. शाळेची जागा गावातल्या एका कुटुंबाने दोन पिढ्यांपूर्वी तोंडी दिली होती. सगळ्या गावाला ते माहीत होतं, पण कागदावर ती जागा अजून त्यांच्या आजोबांच्याच नावावर. नातवंडं आता चार ठिकाणी पांगलेली, त्यातले दोघे सुरतला. कुणाचीही ना नव्हती, पण वारसांच्या नोंदी लावून, सगळ्यांच्या सह्या घेऊन बक्षीसपत्र नोंदवायला वेळ लागतोच.

म्हणून हे काम पहिल्याच महिन्यात करा. जागा शेतजमिनीची किंवा गायरानाची असेल तर तलाठ्याकडून सात-बारा काढा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर काय लिहिलंय ते बघा. शाळेच्या पटांगणावर कुणाचा उकिरडा, कडब्याची गंजी किंवा ओटा आला असेल तर त्याचाही विषय आत्ताच काढा. काम सुरू होण्याच्या तोंडावर काढला तर भांडण होतं आणि ठेकेदार "जागा मोकळी नाही" म्हणून निघून जातो.

एक फाइल करा आणि तिच्या दोन प्रती ठेवा, एक शाळेत, एक अध्यक्षांच्या घरी. त्यात एवढं असावं:

- शाळेच्या यू-डायस प्लस रिपोर्ट कार्डची प्रत (यू-डायस प्लस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद; प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक असतो, त्यावरून ते ऑनलाइन निघतं)
- जागेचा उतारा आणि असल्यास बक्षीसपत्र
- खोल्या कोणत्या साली बांधल्या त्याची नोंद
- वर्गवार पट, मुलं आणि मुली वेगवेगळे, दिव्यांग मुलांची संख्या वेगळी
- समिती स्थापनेचं इतिवृत्त आणि आजवरचे ठराव
- मागच्या तीन वर्षांत आलेलं अनुदान आणि त्याचा खर्च
- तारखेसह फोटो
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह

रिपोर्ट कार्डाकडे विशेष लक्ष द्या. त्यात किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ आणि किती मोठ्या दुरुस्तीच्या, हे भरलेलं असतं. आमच्या शाळेच्या सगळ्या सहा खोल्या "चांगल्या" दाखवलेल्या होत्या, कारण वर्षानुवर्षं मागचीच माहिती पुढे भरली जात होती. वरच्या कार्यालयात बसलेला माणूस तो तक्ता बघतो. तिथे खोल्या चांगल्या असतील तर तुमच्या अर्जाला तो खोटा समजणार. मुख्याध्यापकांना बरोबर बसवून, न रागावता, ती माहिती खरी भरून घ्या.

3. शाळा दोनदा पाहा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात

आपल्या भागातली इमारत ही काळ्या मातीवरची इमारत आहे, हे कायम लक्षात ठेवा. कापसाला चांगली असलेली ही माती पायाला वाईट. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते. दरवर्षी इमारत थोडी बसते, थोडी उचलली जाते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये भेगा उघडतात आणि ऑगस्टमध्ये मिटल्यासारख्या दिसतात. गळतीचं बरोबर उलट. पाहणीला साहेब हिवाळ्यात आले की भेग मिटलेली आणि छत कोरडं. मग "किरकोळ दुरुस्ती" असा शेरा पडतो.

भेग वाढतेय की जुनीच आहे हे कळायला एक सोपा उपाय आहे. भेगेवर आडवी, टिचभर लांबीची काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. भिंत हलत असेल तर काच तडकते. आम्ही चार ठिकाणी पट्ट्या लावल्या, दोन महिन्यांत दोन तडकल्या. मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर लावा. तडकलेल्या काचेचा तारखेसह फोटो पाहिल्यावर इंजिनिअर साहेबांनी स्वतःहून वही काढली.

स्लॅबच्या खोलीत वर बघा. प्लास्टर फुगलंय का, पोपडे पडलेत का, गंजलेली सळई उघडी दिसते का. बांबूने हलकेच ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहा, पण हे मोठ्या माणसाने बाजूला उभं राहून, खोली रिकामी असताना करायचं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. असा तुकडा पडायला निमित्त लागत नाही. तसं दिसलं तर मंजुरीची वाट पाहू नका. त्याच दिवशी खोलीला कुलूप, दारावर सूचना आणि मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

कौलाच्या खोलीत लाकूड पाहा. नाटेला, म्हणजे छताच्या तुळईला, उधई (वाळवी) लागली आहे का, भिंतीत रुतलेलं टोक कुजलं आहे का. आमच्या शाळेत सगळ्यांना वाटत होतं की जुन्या कौलाच्या खोल्या पाडाव्यात आणि स्लॅबच्या ठेवाव्यात. तपासणीत निघालं उलट. दगडी जोत्याच्या कौलारू खोल्यांपैकी तीन मजबूत होत्या. भेगेची चौथी मात्र पायापासून गेलेली. आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन्ही खोल्या धोकादायक. इमारतीचं वय बघून ठरवू नका.

4. मुलांना विचारा, खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा

हे आम्ही सगळ्यात उशिरा केलं आणि सगळ्यात जास्त यातूनच कळलं. तिसरी-चौथीच्या मुलांना कागद देऊन सांगितलं, शाळेचा नकाशा काढा आणि जिथे जायला आवडत नाही तिथे फुली मारा. जवळजवळ सगळ्या मुलींनी मुलींच्या संडासावर फुली मारली होती. तो इमारतीच्या मागे, बाभळीजवळ होता, दार आतून लागत नव्हतं. त्या सकाळपासून दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. आपल्याकडच्या उन्हात, जिथे पारा 45 च्या पुढे जातो, तिथे लहान मुली तहान मारून बसतात. आमच्या एकाही अर्जात हा विषय नव्हता. खोल्या, खोल्या आणि खोल्या, एवढंच आम्ही लिहीत होतो.

पोषण आहाराच्या ताईंनी सांगितलं की शेडमध्ये पश्चिमेचा वारा घुसतो, चुलीचा धूर पहिलीच्या वर्गात जातो. शिक्षिकेने सांगितलं की फळ्यावर दुपारी उजेडाची चमक येते, मागच्या मुलांना दिसत नाही. असं सगळं एका वहीत लिहा. दिव्यांग मूल असेल तर त्याच्या आईला बरोबर घेऊन फाटकापासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून संडासापर्यंत चालून पाहा.

ज्यांची मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात त्या पालकांशी मात्र ती जाण्याआधी बोला. खोल्या मंजूर होतात पटाच्या हिशेबाने. कायद्याप्रमाणे दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी आणि शिक्षक ठरतात पटावरून, पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन, 90 पर्यंत तीन, 120 पर्यंत चार. मूल गेलं, नाव कमी झालं, की खोलीही जाते. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मूल गावातच राहून शिकू शकतं. त्यासाठी मुख्याध्यापकांना दिवाळीआधीच मागणी द्यायला लावा.

5. दुरुस्ती की निर्लेखन

सरकारी भाषेत जुनी खोली पाडायला परवानगी घेणं म्हणजे निर्लेखन. हा शब्द पाठ करा, पुढे प्रत्येक टेबलावर लागेल. समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर, बांधकाम विभागाच्या इंजिनिअरचा पाहणी अहवाल, आणि मग जिल्हा परिषदेची परवानगी, असा प्रवास असतो.

इथे मोठा धोका आहे. नुसतं निर्लेखन मंजूर करून घेतलं आणि नव्या खोलीचा प्रस्ताव मागे राहिला, तर जुनी खोली जाते आणि जागा रिकामी राहते. शेजारच्या एका गावात मुलं तीन पावसाळे व्हरांड्यात बसली. दोन्ही प्रस्ताव एकाच ठरावात, एकाच दिवशी द्या.

जुन्या साहित्याचा लिलाव रीतसर होतो. त्याआधी पंचनाम्यात सागाच्या नाटा किती, दारं-खिडक्या किती, कौलं किती, हे मोजून लिहून घ्या. पाडण्याच्या दिवशी दोन पालक तिथे हजर राहा.

आणि ज्या खोल्या मजबूत आहेत त्यांना वाचवा. जाड भिंती आणि उंच कौलाची खोली मे महिन्यात पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीपेक्षा किती थंड असते, ते एकदा दुपारी आत बसून पाहा. आमच्या त्या तीन खोल्या कौलं उतरवून, लाकूड बदलून, गिलावा करून आजही वापरात आहेत.

6. आराखडा साध्या भाषेत लिहा

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. बऱ्याच ठिकाणी तो छापील नमुन्यात एका बैठकीत भरला जातो. तुम्ही तो पालकांपुढे वाचून भरा. पहिल्या वर्षी जिवाला धोका असलेलं, दुसऱ्या वर्षी आरोग्याचं, मग बाकीचं. आमच्याकडे पहिलं काम धोकादायक खोल्या, पाण्याची टाकी आणि मुलींचा संडास असं ठरलं. रंगरंगोटी शेवटी. भिंतीवर सुंदर चित्रं काढली आणि दोन पावसात ओल येऊन ती फुगली असं अनेक शाळांत दिसतं. ओल आधी थांबवा.

7. पैसा एका ठिकाणाहून येत नाही

नव्या खोल्या मुख्यतः समग्र शिक्षा किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून होतात. आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतूनही काम घेता येतं, त्यासाठी पत्राबरोबर समितीचा ठराव आणि जागेचा उतारा जोडा. नुसत्या विनंतीपत्राने फाइल हलत नाही.

शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त अनुदान छोट्या कामांसाठी आहे. पट 31 ते 100 असेल तर 25 हजारांपर्यंत, 101 ते 250 असेल तर 50 हजारांपर्यंत. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. एवढ्यात खोली होत नाही, पण कड्या, नळ, फुटलेली कौलं नक्की होतात.

ग्रामपंचायतीला विसरू नका. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. शाळेचा संडास, हात धुण्याची जागा, टाकी ही कामं त्यात बसत होती. पण ती गावाच्या विकास आराखड्यात आधी यावी लागतात, आणि त्या आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या ग्रामसभेला वीस पालक गेले तर विषय घेतला जातो. आम्ही पहिल्या वर्षी दोघीच गेलो, विषय "पुढील सभेत" गेला. धडगाव, अक्कलकुव्यासारख्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) भागातल्या गावांना थेट अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळतो, त्याचा खर्च ग्रामसभा ठरवते. तिथल्या पालकांनी तो मार्ग आधी पाहावा.

लोकवर्गणी मागायची असेल तर आपल्या भागात दोन वेळा उत्तम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावात असतात. झोक्यावर बसलेल्या निम्म्या लेकी याच शाळेत शिकलेल्या. आम्ही त्यांना आखाजीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं, त्यांच्या बसायच्या खोल्या दाखवल्या. एकीने ती भेग पाहून तिथेच पदराची गाठ सोडून पाचशे रुपये काढले. दुसरी वेळ श्रावणातल्या कानबाईच्या सणाची, तेव्हा सुरत, नाशिक, पुण्याला गेलेले भाऊबंद घरी येतात. प्रत्येक रुपयाची छापील पावती द्या, हिशेब शाळेच्या फलकावर लावा. वर्गणीतून सरकारी निधीतल्या कामाचं कमी-जास्त भरू नका, हिशेब कधीच जुळत नाही. वेगळं, दाखवता येईल असं काम घ्या. आम्ही त्यातून पिण्याच्या पाण्याची टाकी आणि तिच्यावर सावलीचं छप्पर केलं.

8. इंजिनिअर येतील तो दिवस

हा दिवस चुकवू नका. मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, पाहणीची तारीख कळली की आदल्या दिवशी फोन करा. इंजिनिअर साहेबांना दिवसाला चार गावं करायची असतात, ते नेहमीचा नकाशा घेऊन येतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. आदराने, वहीत लिहिलेलं एकेक वाचायचं. आम्ही विचारलेल्या गोष्टी अशा:

पाया काळ्या मातीत थांबणार की खाली मुरमापर्यंत जाणार? जोत्यात भर कशाची? खोदलेली काळी मातीच परत भरली तर फरशी पुन्हा खचणार, तिथे मुरूमच हवा. इमारतीभोवती फरसबंदी आहे का? छताचं पाणी पायाशी पडलं तर सगळा खर्च वाया.

जोत्याची उंची रस्त्यापेक्षा किती? गावातला रस्ता दर वेळी थरावर थर चढून उंच होतो आणि शाळेचं पटांगण तळं होतं.

खिडक्या कोणत्या बाजूला? आपल्याकडे उत्तर-दक्षिण हव्यात, पश्चिमेला भरीव भिंत किंवा व्हरांडा. स्लॅबवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवता येईल का? ऊन परतवते आणि गळतीही थांबते.

उतार किती? चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आमच्या पहिल्या नकाशात तो इतका उभा होता की मोठ्या माणसाचाही पाय घसरला असता.

संडासला पाणी कुठून? "संडास युनिट" असं लिहिलेलं असतं, त्यात टाकी आणि नळजोडणी आहे का ते वेगळं विचारा.

कडुनिंब कुठे येतो? आमच्या पटांगणात दोन मोठे लिंब होते, एक नव्या खोलीच्या कोपऱ्यात येत होता. इमारत नऊ फूट सरकवली आणि लिंब राहिला. नकाशावर नऊ फूट सरकवायला दहा मिनिटं लागली.

अंदाजपत्रक झालं की त्याची प्रत मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. पण पहिला अर्ज माहिती अधिकाराचा करू नका. आधी तोंडी, मग साधं पत्र. ज्या माणसांबरोबर दोन-तीन वर्षं काम करायचंय, त्यांना पहिल्याच दिवशी समोरासमोर उभं करू नये, असं माझं मत आहे.

पुढच्या पायऱ्या तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. यात आपल्याला करण्यासारखं थोडं असतं. महिन्यातून एकदा जाऊन फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा, तारीख वहीत लिहा.

9. काम चालू असताना मुलं कुठे बसणार?

हे कार्यारंभ आदेशाच्या आधी लिहून ठरवा. सभामंडप, समाजमंदिर, विठ्ठल मंदिराचा ओटा, काही मिळेल, पण तिथे पाणी आणि संडास आहे का, लग्नसराईत ती जागा रिकामी राहील का? आमचा सभामंडप फेब्रुवारीत दर चार दिवसांनी लग्नाला जायचा. शेवटी दोन वर्ग एका पालकाच्या रिकाम्या घरात भरवले. पटांगणात खड्डे, सळई, चुन्याची डबकी असतात. बांधकामाभोवती पत्र्याचं कुंपण मागा आणि मुलांचं येण्याचं फाटक वेगळं ठेवा.

10. बांधकामावर रोजची एक फेरी

पालकांच्या जोड्या करा, रोज एक जोडी, दहा मिनिटं. कामगारांना सूचना द्यायच्या नाहीत, फक्त पाहायचं, लिहायचं आणि फोटो काढायचा. अडचण असेल तर शाखा अभियंत्यांना कळवायचं.

वाळू मातकट वाटली तर काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर जमलेला गाळाचा थर वाळूच्या बारा-तेरा भागांमागे एका भागाहून जास्त असेल तर इंजिनिअरना दाखवा. आमच्या एका ट्रॅक्टरमध्ये हा थर नजरेत भरण्याइतका होता, ती वाळू परत गेली.

पण सगळ्यात जास्त लक्ष पाण्यावर द्या. सुट्टीत काम व्हावं म्हणून बांधकाम मेमध्ये निघतं आणि मेमध्येच आपल्या गावांना आठवड्याने पाणी येतं. काँक्रीटला किमान 10 ते 14 दिवस ओलं ठेवावंच लागतं, नाहीतर ते बाहेरून वाळतं आणि आतून कच्चं राहतं. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवतात. स्लॅब टाकण्याच्या आधी विचारा, दोन आठवड्यांचं पाणी कुठून येणार. आमच्या गावातल्या दोन केळीवाल्यांनी बागेच्या पाळीतलं पाणी रात्री एक-एक तास शाळेला दिलं. केळीला मेमध्ये एक पाळी चुकणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळतं.

काँक्रीटचे नमुना ठोकळे भरले का आणि 28 दिवसांच्या चाचणीचा अहवाल आला का, हेही विचारा.

11. ताबा घाईने घेऊ नका

उद्घाटनाची तारीख ठरली की सगळे घाईत असतात. त्याआधी अंदाजपत्रकाची प्रत हातात घेऊन एकेक ओळ तपासा. दारं किती, कड्या आतून लागतात का, पंखे, बटणं, फळा, उतार, टाकीत पाणी चढतं का. प्रत्येक नळ सोडून पाहा, संडासात बादलीभर पाणी ओता. राहिलेल्या कामांची यादी ताबा पावतीवरच लिहा.

ठेकेदारावर ठरावीक काळ दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी असते. तो काळ किती, ते करारात लिहिलेलं असतं. ती तारीख मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर फाइलीत हरवते. पहिल्या मोठ्या पावसात शाळेत जा, प्रत्येक खोलीत छताकडे बघा, दुसऱ्या दिवशी लेखी कळवा. आमच्या एका खोलीत कोपऱ्यातून पाणी झिरपलं. पत्र दिलं, महिन्याभरात दुरुस्त करून मिळालं. मुदतीची ती तारीख आम्ही तेलरंगाने कार्यालयाच्या भिंतीवर, शाळेच्या घंटेखाली लिहून ठेवली आहे.